उतारावर इंजिन बंद

३ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, एक अत्यंत गंभीर घटना घडली आहे, तेव्हा आधी खाली बस. आमच्या न्हाव्याने दाढीवर इंधन अधिभार लावला. गेली बावीस वर्षं मी त्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसतो. खुर्ची जमिनीला ठोकलेली आहे. वस्तरा हाताने चालतो, पाणी नळाचं. यात डिझेल नेमकं कुठे जळतं, असं मी फेसाळलेल्या तोंडाने विचारलं. त्याने वस्तरा माझ्या गळ्यावर टेकवला आणि शांतपणे सांगितलं की ब्लेड ट्रकने येतं, साबण ट्रकने येतो, तो स्वतः स्कूटरवर येतो. साहेबांची दाढी तेवढी फुकट वाढते. गळ्यावर वस्तरा असला की अर्थशास्त्र चटकन समजतं. मी अधिभार भरला.

माझा राग न्हाव्यावर नाही. तुला माहीतच आहे, दरवाढीची सरकारी पत्रकं आमच्याच छापखान्यात छापतात आणि त्यांची मुद्रितं माझ्या टेबलावर येतात. म्हणजे वाईट बातमी सगळ्यांच्या आधी वाचायची आणि तिच्यात स्वल्पविराम घालायचे, यासाठी मला पगार मिळतो. या खेपेला मूळ किंमत, तिच्यावर कर, त्या करावर रस्ता उपकर आणि उपकर गोळा करायला खर्च येतो म्हणून त्याच्यावर आणखी एक अधिभार. मला वाटलं, एकच ओळ चुकून चारदा जुळवली गेली. तसं मालकांना विचारलं. ते म्हणाले, तू काना-मात्रा बघ, बाकी बघायला सरकार आहे.

तुझ्या व्हॅनचं कसं चाललंय? डायलिसिसच्या पेशंटांना हॉस्पिटलात ने-आण करायची आणि वर्षभर भाडं वाढवणार नाही असा शब्द देऊन बसायचं, हा धंदा झाला की व्रत, ते तुझं तुलाच माहीत. अगदीच भागत नसेल तर बाबांची युक्ती वापर. आठवतं? ट्रक टेकडीवरून उतरायला लागला की बाबा किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे आणि म्हणायचे, उतार फुकट आहे, घ्या लेकांनो. आपण दोघं केबिनमध्ये वाऱ्याचा आवाज ऐकत बसायचो. उतारावर अजून कर बसलेला नाही. बसला की पहिलं मला कळेल, तुला तार करीन.

आणि हो, तुझा तो पाच लिटरचा पत्र्याचा डबा. घर बदलताना आमचा टेम्पो वाटेत कोरडा पडला, तेव्हा तू भरून आणलेला. अकरा वर्षं तू तो मागते आहेस. त्या वेळच्या भावाने घेतलेलं डिझेल आजच्या भावाने परत करायला मी काय वेडा आहे?

लोभ आहे तो वाढू दे. वाढल्याने कुणाचं नुकसान होत नाही अशी तेवढी एकच गोष्ट उरली आहे.

तुझा,
भोंगा

१४ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. आ.

पन्नाशी आली तरी तुझा आवाज कमी झाला नाही. लहानपणी हे नाव ठेवलं ते चुकलं नाही म्हणायचं.

तुझ्या दाढीचं दुःख कळलं. आता माझं ऐक. मंगळवारी पंपावर दीड तास रांगेत होते. माझ्यापुढे दोनच गाड्या उरल्या, तेवढ्यात पंपावरचा माणूस स्टुलावर चढला आणि फलकावरचे आकडे बदलायला लागला. सगळी रांग एकदम हॉर्न वाजवायला लागली. मागच्या टेम्पोवाल्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो बिचारा वरूनच ओरडला की बाबांनो, माझी स्कूटरही याच नळीवर पिते, मी काय घरून आकडे बनवून आणतो का! मग खाली उतरला आणि स्टुलावर बसून राहिला. मला त्याची दया आली आणि डिझेल नव्या भावाने भरावं लागलं. दोन्ही एकाच वेळी झालं, म्हणून जास्त चीड आली.

खरी गोष्ट मास्तरांची आहे. तुला भूमितीच्या तासाला वर्गाबाहेर उभं करायचे तेच. टेकडीच्या टोकावर एकटे राहतात. बाकीचे तिघं पेशंट गावातले, पण मास्तरांसाठी आठवड्यातून तीनदा टेकडी चढायची म्हणजे माझ्या टाकीतलं अर्धं त्यांच्यावर जातं. हे मी बोलले नव्हते. पण त्यांनी आयुष्यभर अंतरंच मोजली. शुक्रवारी गाडीत बसता बसता म्हणाले की पुढच्या महिन्यापासून वर येऊ नकोस, मी बसने खाली येईन. वर्तमानपत्र बंद करायला सांगावं तसं सांगितलं. बसच्या फेऱ्या डिझेलपायी निम्म्या झाल्यात आणि मशीनवरून उठल्यावर त्यांना भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. म्हणजे ते यायचेच बंद होणार. मशीन चुकलं तर किती दिवस निघतात, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही.

मी म्हटलं, मास्तर, गप्प बसा. यादीतून तुमचं नाव मी माझ्या हाताने कापणार नाही.

तर तुझी युक्ती वापरते आहे. त्यांना सोडलं की टेकडीच्या टोकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत इंजिन बंद. रिकामी गाडी अशी सुळकन उतरते! सकाळी त्यांना घेऊन उतरतानाही तेच करते. मास्तर म्हणतात, गुरुत्वाकर्षणाला पगार द्यावा लागत नाही. तुझ्या बडबडीतून पन्नास वर्षांत पहिल्यांदा काही कामाचं निघालं.

डबा दे. माया आहेच, पण डबा दे.

तुझी ताई

२ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मी जनसुनावणीला गेलो होतो. दरवाढीवर नागरिकांचं म्हणणं ऐकून घेणार असं पत्रक निघालं होतं, मीच तपासलेलं. दोनशे माणसं, चाळीस खुर्च्या. रिक्षावाले, दूधवाले, एक बाई तर भाजीची हातगाडी बाहेर लावून आली होती. तिचं म्हणणं, माझी गाडी मी ढकलते, पण भाजी मला ट्रकने गाठते.

आत साहेब मोठ्या पडद्यावर इंधन कसं वाचवावं ते दाखवत होते. टायरात हवा भरा, शेजाऱ्याबरोबर जा, शक्यतो जाऊच नका. मला उकडलं म्हणून मी बाहेर आलो, तर दारात साहेबांच्या तीन गाड्या ओळीने उभ्या. रिकाम्या. तिन्हींची इंजिनं चालू. मला वाटलं, निघायची वेळ झाली. ड्रायव्हर पानपट्टीपाशी उभा होता, त्याला विचारलं. तो म्हणाला की नाही हो, अजून दीड तास आहे. पण साहेब बसतील तेव्हा गाडी आतून गार लागते. त्यालाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं.

ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आत जाऊन मी ओरडलो. तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. म्हटलं, माझी बहीण चार आजारी माणसं घेऊन जाते आणि दोन घोट डिझेल वाचावं म्हणून टेकडीवरून इंजिन बंद करून उतरते आणि तुमच्या रिकाम्या गाड्या दारात उभ्या राहून आमचा कर पितात! सभागृहात अशा टाळ्या पडल्या की भिंतीवरचं घड्याळ हललं.

आणि साहेबांनीही टाळ्या वाजवल्या! म्हणाले, शाब्बास, अशाच भगिनींचा आदर्श सर्वांनी घ्यावा, आणि शेजारच्या माणसाला ते लिहून घ्यायला सांगितलं. गाड्यांबद्दल काहीच लिहून घेतलं नाही. मी उभाच होतो, तेवढ्यात त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

घरी येईपर्यंत राग उतरला नव्हता, पण खोटं कशाला सांगू, तुझं कौतुक भर सभेत झालं याचं थोडं बरंही वाटलं होतं.

डब्याचा विचार चालू आहे. माया पातळ करू नकोस.

तुझा,
भोंगा

११ मार्च

प्रिय भोंगा,
स. न. वि. वि.

मी लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आज लिहावं लागतं.

सोमवारी सकाळी टेकडी उतरताना गाडी गिरणीच्या भिंतीवर आदळली. तुझी बहीण बरी आहे. उजवं मनगट मोडलं आहे, प्लास्टर घातलं आहे. गाडीत फक्त मास्तर होते. त्यांच्या ज्या हाताला मशीनच्या सुया लावतात, नेमका तोच हात दारावर आपटला आणि बरंच रक्त गेलं. गिरणीवाल्याने हात दाबून धरला म्हणून वाचले. सध्या हॉस्पिटलातच आहेत.

मेकॅनिकने गाडी पाहिली. तो म्हणाला, या गाड्यांत इंजिन बंद केलं की ब्रेक दोनदा-तीनदा नीट लागतो, मग दगड होतो. स्टिअरिंगही जड होतं. वळणावर गाय आडवी आली. तुझ्या बहिणीने ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, लागला. तिसऱ्यांदा लागला नाही. बाबांचा ट्रक वेगळा होता, असं मेकॅनिक म्हणाला. हे आपल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

युक्ती तू सुचवलीस हे तुला आठवू द्यायचं नाही, अपघात कशाने झाला ते कळवायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे. मी कळवतो आहे, कारण तू ती आणखी कुणाला सांगशील.

तुझे भावोजी

१३ मार्च

प्रिय भावोजी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी छापखान्यात मिळालं. ते टेबलावर उघडं असतानाच दुसऱ्या हाताला एक मुद्रित येऊन पडलं. इंधन बचतीचं पत्रक. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, उतारावर इंजिन बंद ठेवा, आणि खाली, एका भगिनीचा आदर्श. सोबत हसऱ्या बाईचं चित्र. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी सांगितली होती, भावोजी. आणखी कुणाला म्हणजे दोनशे माणसांना, मोठ्याने.

मी लाल शाईने पत्रकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारली आणि कडेला लिहिलं की याने माणसं मरतील. मालक म्हणाले, आपलं काम स्वल्पविरामांचं, ब्रेकचं नाही. मी सरकारी कचेरीत गेलो. तिथे सांगण्यात आलं की हरकत असेल तर तीन प्रतींत अर्ज करा, तीस दिवसांत विचार होईल. पत्रक छापायला मात्र एक दिवस लागतो. ते दुसऱ्या छापखान्यातून छापून घेतलं.

मी रजा टाकली आहे. दुरुस्त होऊन येईल तेव्हा व्हॅन मी चालवीन. अठरा तारखेच्या गाडीने निघतो. ताईला आधी सांगू नका, ती नको म्हणेल.

तुमचा,
भोंगा

१५ मार्च

भोंग्या,

डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून आशीर्वाद थोडक्यात. तू येणार ते हे बोलून गेले. तू येऊ नकोस. तुला गियर कधीच जमले नाहीत, बाबा कंटाळले होते. आणि किल्ली मी फिरवली, तू नाही. रडत बसलास तर थोबाडीत मारीन, डावा हात रिकामा आहे.

आलासच तर डबा आण.

ताई

२ मे, सकाळी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू उठायच्या आत निघतो आहे, कारण समोर उभा राहून मला हे बोलता येणार नाही. आपण दोघांनी दीड महिना एकमेकांना टोमणे मारून काढला, ते बरं झालं.

तू विचारत होतीस की रोज संध्याकाळी गाडी घेऊन मी तासभर कुठे जातो. आता सांगतो. या भागात सात पंप आहेत. सातही ठिकाणी ती हसरी बाई चिकटवलेली होती. मी एकेक पत्रक ओल्या फडक्याने खरवडून काढलं. दोन ठिकाणी मला हाकललं, एका ठिकाणी सरकारी कागद फाडतो म्हणून पोलिसात देण्याची धमकी मिळाली. तुझ्या पंपावरच्या स्टुलावाल्याला मात्र मी कारण सांगितलं. स्टूल आणलं, वर चढला आणि मी न पाहिलेलं वरचं एक पत्रक त्याने स्वतः काढलं. अर्जाचे तीस दिवस कधीच उलटले. उत्तर नाही. चौथी प्रत कुठे आहे म्हणून विचारणार असतील.

मास्तरांचं तू पाहतेच आहेस. भावोजींनी कुणाला न विचारता पुढच्या खोलीत खाट टाकली आणि तिथे त्यांची पुस्तकं आणून ठेवली. आता टेकडी आठवड्यातून एकदाच चढायची, त्यांना रविवारी घर दाखवायला. गावातल्या तिघा पेशंटांतल्या शिंपीणबाई मला म्हणाल्या, किती छान झालं. मी गाडीतच त्यांच्यावर ओरडलो, त्याबद्दल त्यांची माफी माग. पण छान काय झालं, ताई? एका माणसाने चाळीस वर्षांचं घर सोडलं, कारण तिथवर जायला त्याला परवडत नाही. भावोजी चांगले आहेत म्हणून मास्तर जगतील. ज्यांना भावोजी नाहीत त्यांनी काय करायचं, हे कुठल्याही पत्रकात मी अजून तपासलेलं नाही.

काल शेवटच्या फेरीला मी मास्तरांना टेकडीवरून घेऊन आलो. इंजिन चालू, दुसरा गियर. पूर्ण उतारभर ते डोळे मिटून आवाज ऐकत होते. गिरणी मागे गेली तेव्हा डोळे उघडले आणि म्हणाले, गियर अजूनही उशिरा टाकतोस. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच, सुयांचा. तुला मी बाहेर उभं करायचो, पण ऐकायला दाराशीच थांबायचास, मला दिसायचं, असंही म्हणाले. मला पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं नाही.

हे पत्र तुला पायरीवर डब्याखाली सापडेल. हो, तोच डबा, आल्या दिवसापासून गाडीच्या सीटखाली होता. पंपांवर डब्यात डिझेल द्यायला बंदी आहे, पण स्टुलावाल्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. झाकण घट्ट लावलं आहे. पाच लिटर, आजच्या भावाने. मोजून घेऊ नकोस, काठोकाठ आहे.

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
भोंगा