तीन गाड्या, तीन ठिपके

३ जून, सकाळी ८
आजपासून कंट्रोल रूम माझ्या ताब्यात. मालकांनी एक महिना दिलाय. हॉस्पिटलच्या तिन्ही थंड गाड्या रोज वेळेवर पोहोचल्या, तर मी कायमचा प्रमुख. नाहीतर परत गोदामात. एका गाडीत इंजेक्शनं, दोन गाड्यांत तिथल्या स्वयंपाकघराचा माल. प्रत्येकीच्या थंड कप्प्यात एक डबी ठेवलीय. गाडी कुठे आहे, आत किती अंश आहे, नव्या नेटवर्कमुळे क्षणात माझ्या स्क्रीनवर. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये दोन्हीकडून बोलता येईल असा स्पीकरही. आता कुणाला काही विचारायची गरजच नाही.
ऑफिसातल्या काकू मात्र बावीस वर्षं फोनवर बसून ड्रायव्हरांना विचारतायत, "कुठवर आलास रे?" ऑफिस आहे की माहेर?
संकल्प : चिडायचं नाही.

३ जून, ८.४०
चिडलो. इंजेक्शनच्या गाडीचा मिशीवाला ड्रायव्हर वाटेत बारा मिनिटं उभा. स्पीकरवरून झापला. पोट बिघडलंय म्हणे. लेखी मागितलं.

७ जून
या लोकांना प्रगतीचं वावडंच आहे. चहाला थांबले, ओरडलो. टायर बघायला थांबले, ओरडलो. दाजी सगळ्यांत जुने ड्रायव्हर. माझ्या ताईचा नवरा. म्हणाले, "साहेब, तुमच्या ताईनंसुद्धा माझी इतकी चौकशी कधी केली नाही." बाकीचे खिदळले. सख्ख्या मेहुण्याला 'साहेब' म्हणण्यातली खोच मला कळत नाही असं वाटतं का? मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळपर्यंत दुर्लक्षच करत होतो.

१० जून
ड्रायव्हर चोरून काकूंना फोन करतात. फोनची वायर काढून ड्रॉवरमध्ये टाकली. काकू म्हणाल्या, "अरे, गाडी थांबली ते स्क्रीन सांगेल. का थांबली ते माणूसच सांगणार ना?" निवृत्तीचा विचार करा म्हटलं. प्रेमानं.

१५ जून
शिस्त लागली! चार दिवसांत स्क्रीनवरचा एकही ठिपका रेंगाळला नाही. तिन्ही एकावर एक, एकाच वेगानं, तिन्हींत नेमके चार अंश. जवानांची परेडसुद्धा इतकी नेटकी नसते. मालकांना स्क्रीन दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. भारावले असणार.

१९ जून, ११.१५
हॉस्पिटलच्या औषधवाल्या बाईंचा माझ्या मोबाइलवर फोन. इंजेक्शनची गाडी आली नाही. म्हटलं, तुमच्या गेटवर उभी आहे. त्या म्हणाल्या, गेटवर मी उभी आहे. नीट बघा म्हटलं. तर म्हणे, "मग स्क्रीनमधूनच उतरवून द्या!" फोन आपटला. असल्या बायका आरोग्यखात्यात!

१९ जून, ४
गाडी घाटात बंद. सकाळी नऊपासून. आतला गारवा गेला, इंजेक्शनं गेली. मिशीवाला दोन तास काकूंना फोन लावत होता. विचारलं, स्पीकरवरून मला का नाही सांगितलं? म्हणाला, तुम्ही ओरडाल म्हणून. ही काय सबब झाली! ओरडलो.
तिन्ही डब्या दाजींच्या गाडीत सापडल्या. रोज निघताना त्यांच्याकडे जमा व्हायच्या. "वाटेत मी कुठं थांबत नाही," दाजी म्हणाले. "म्हटलं, साहेबांना तेवढंच समाधान."
चोवीस पेशंट इंजेक्शनाविना परत गेले. हा आकडा मला तिघांनी वेगवेगळा येऊन सांगितला. एकदा पुरे होतं.

२० जून
मालकांनी स्क्रीन काकूंना दिला. वायरही. ड्रायव्हरांनी डब्या आपणहून जागच्या जागी ठेवल्या. दहा वाजता काकू स्पीकरवर : "दादा, दोन अंश चढलेत. दार नीट लागलंय का बघतोस?" मिशीवाला म्हणाला, "लावलं, काकू." बस्स. तिन्ही गाड्या वेळेवर. नेटवर्क तेच, डब्या त्याच, स्क्रीन मीच बसवलेला. हे कुणी बोलेल? कुणी नाही!

२१ जून
इंजेक्शनच्या गाडीतून हॉस्पिटलला पाठवलं मला. माफी मागायला. वाटेत भाषण तयार केलं. नेटवर्कची क्षमता, मानवी घटकाचा अडथळा, वगैरे. चांगलं जमलं होतं.
आवारात बाकावर परवाची माणसं पुन्हा येऊन बसलेली. एका म्हातारीनं विचारलं, "आज आली का रे गाडी?" आली म्हटलं. "बघून सांग हो," म्हणाली. मागे जाऊन कप्पा उघडला, खोकी बघितली, परत येऊन सांगितलं.
औषधवाल्या बाईंनी विचारलं, आपण कोण? 'प्रमुख' अगदी ओठांवर आलं होतं.
म्हटलं, गाडीबरोबर आलोय.
मग उचला, म्हणाल्या.