नार आली

पूज्य भाविनीबेन,

जय श्रीकृष्ण. तुमचे गुडघे आणि भावोजींचा रक्तदाब ठीक असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. (परवा बाळंतिणीची राब पिता पिता वाटीतच डोळा लागला, एवढंच.) तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. मुलगी झाल्याचं तुमच्याआधी वस्तीच्या म्होरक्या कानाआतांना कळलं, याचा राग रास्तच आहे. पण कसं कळलं तेही ऐका.

तुमच्या भावाने आनंदाच्या भरात दवाखान्यातून आतांना फोन केला, "कानाआता, नार आली!" इथले मेंढपाळ मालधारी लांडग्याला नार म्हणतात, हे मी लग्नापासून सांगते आहे. (सरळ मुलगी झाली म्हटलं असतं तर जीभ झिजली असती?) पिंजऱ्यात वाढवलेली लांडग्यांची जोडी रानात सोडायला मी आतांचं मन किती मिनतवाऱ्यांनी वळवलं होतं! ती गावात पाय ठेवणार नाही, असा शब्द दिला होता. कानाआता काठ्या, कुत्रे आणि वांढीची निम्मी वस्ती घेऊन दवाखान्यात हजर. पाळण्यात डोकावून म्हणाले, "दाक्तरबेन, एवढीशीच? उगाच पळवलंत!" तेव्हापासून सगळे पोरीला नारच म्हणतात.

खऱ्या नारीच्या गळ्यातला रेडिओ पट्टा मात्र एकाच जागी थांबला होता. म्हणजे व्याली, नाही तर मेली. तुमचे बंधू दुर्बीण घेऊन गेले आणि नीलगाय बघून आले. मला रडूच कोसळलं. (पोरही रडत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.) काल आतांच्या घरच्या वेजीमा दूध घालायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "तुझी नार तळ्यावर दिसली. आचळं लोंबताहेत, हाडं वर आलीत, डोळे थेट तुझ्यासारखे." इतकी आनंदाची बातमी मी कधी ऐकली नव्हती. पण वांढीतले लोक पिल्लांसकट बीळ बुजवायला निघालेत. कानाआता म्हणतात, दाक्तरबेन स्वतः येऊन बोलली तरच थोपवीन. आणि तुमच्या बा म्हणतात, फईने, म्हणजे तुम्ही, नाव ठेवल्याशिवाय बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही.

असो. तुम्ही सवडीने या, घाई अजिबात नाही.

बसल्या जागी पेंगणारी तुमची भाभी,
धरित्री

ता. क. सकाळची पहिली बस थेट येते.

ता. क. लांडग्यांच्या कळपात आई बाहेर गेली की पिल्लांपाशी त्यांची फई बसते. ही शास्त्रीय माहिती आहे, टोमणा समजू नये. त्या बिचारीला इथे कुणी नणंद नाही. मला आहे, म्हणून लिहिते.