उरलेल्याचं खातं

४ जुलै

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडावर धरला. म्हणाले, झीज आहे. वजन अठ्ठ्याहत्तर. आधी तीन महिने फिजिओथेरपी, पाच किलो उतरवा, मग शस्त्रक्रियेचं बघू. मला वाटलं, कुणी तरी तेल लावून चोळून देईल. खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीला भाचीच्या वयाची एक मुलगी. तिने तेलाचं नावही काढलं नाही. खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, हात न टेकता उठा. मी देवाचं नाव घेतलं.

"नाव घ्या काकू, हात मात्र नको."

तिसऱ्या वेळी खुर्चीच माझ्याबरोबर उठायला लागली.

मग तिने विचारलं, "तुम्हाला नक्की काय करता यायला हवंय?" हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे दुखतं कुठे तेवढंच विचारतात. म्हटलं, खाली बसून पूजा. दोन वर्षं खुर्चीवरून करते. देव खाली पाटावर, मी वर — साहेबिणीसारखी. बरं दिसत नाही. तिने कागदावर लिहिलं: जमिनीवर बसणे, आधाराशिवाय उठणे. बारा आठवडे.

५ जुलै

तिचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. अंगावरचं एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो. एकाला चार. असा भाव मला आजवर कुणी दिलेला नाही.

८ जुलै

पाय हलेना. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायची — असं दहा वेळा सांगितलं होतं. मी मोजायला जपमाळ घेतली. एकशे आठ झाले. गुडघा टम्म.

"काकू, दहा म्हटलं होतं."

"माळ अर्धी सोडत नाहीत."

तिने गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. मग म्हणाली, "एक माळ अकरा दिवसांत करा." अकरा दाहे एकशे दहा. वरचे दोन देवाला.

२१ जुलै

खाण्याची वही दाखवली. रकाने आखून, तारीखवार. चहा एक कप, साखर अर्धा चमचा. भात एक वाटी, सपाट. "अशी वही माझ्या कुठल्याच पेशंटची नाही," म्हणाली. मग काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर आणि वर दोनशे ग्रॅम. तिने पानं उलटली, पुन्हा उलटली.

"काकू, हिशेब जुळत नाही."

चौतीस वर्षं घरचा हिशेब लिहिते. मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली होते. हिशेब जुळत नाही, हे मला आजवर कुणी ऐकवलेलं नाही. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. तशीही बरोबर कुणी नव्हतं.

२४ जुलै

आज तिने उठल्यापासूनचा सगळा दिवस सांगायला लावला. सगळ्यांची जेवणं झाली, मग?

"मग ताटं आवरते."

"आवरते म्हणजे?"

"नातीने टाकलेलं, सुनेने ठेवलेलं, यांचे दोन घास. अन्न काय फेकायचं?"

"म्हणजे खाता."

"खात नाही. आवरते."

ती हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, "गुडघ्याला त्यातला फरक कळत नाही काकू. हे कुठल्या खात्यात लिहिता?"

कुठल्याच नाही. घरी येऊन नवं पान उघडलं. वर लिहिलं — उरलेलं.

३१ जुलै

आठ दिवसांची बेरीज: पावणेतीन जेवणं. तीनदा ताळा करून पाहिला. आज देवापुढे मान वर होईना. खोटं लिहिलं नव्हतं. पण लिहिलंच नव्हतं, तेही तसलंच.

२ ऑगस्ट

घरात नियम जाहीर केला: घ्या थोडं, संपवा सगळं. सून म्हणाली, "आई, मी चार वर्षं हेच सांगतेय. डोंगर तुम्हीच वाढता." खरं आहे. वाढणारी मीच, आवरणारीही मीच. नातीला छोटी बशी दिली, तिने चाटूनपुसून साफ केली. राहिले हे.

११ ऑगस्ट

यांना कमी वाढलं — दोन घास ठेवले. आणखी कमी वाढलं — दोन घास ठेवले. आज चिडून मोजून सहा घास वाढले. चार खाल्ले, दोन ठेवून उठले.

"अहो, उपाशी राहाल."

"भरलं पोट."

पाच वाजता बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं. लग्नापासूनची खोड. बोलून बोलून माझा घसा गेला.

१२ ऑगस्ट

कालचेच दोन घास आज यांना सुरुवातीला वाढले. जेवण झालं, ताटात दोन घास. तेच की दुसरे, कळायला मार्ग नाही.

९ सप्टेंबर

पंच्याहत्तर. गेल्या आठवड्यात तिने जमिनीवर जायला शिकवलं. स्टूल समोर, हात स्टुलावर, आधी एक गुडघा, मग दुसरा. उठताना चांगला पाय पुढे, जोर मांडीतून. "घाई नको काकू, देव कुठे जात नाही." सध्या दिवसातून दहा वेळा स्टुलापुढे गुडघे टेकते. नात विचारते, हा नवीन देव कुठला?

२८ सप्टेंबर

चौऱ्याहत्तर. पाच म्हटले होते, चारच उतरले. तसंच लिहिते. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया तूर्त नको.

आणि पूजेला खाली बसले. दोन वर्षांनी देवाचा चेहरा समोरून दिसला. उठताना स्टूल शेजारीच होतं, हात तिकडे गेला नाही. मागे वळले तर हे दारात उभे. "जमलं की," म्हणाले, आणि चष्मा पुसत आत गेले.

२९ सप्टेंबर

आज विचारलंच. दोन घास का ठेवता?

"तुझं पहिलं वर्ष. सगळ्यांना वाढून तू शेवटी बसायचीस. एकदा पातेल्यात डोकावलो, रिकामं होतं. आईला बोलायची माझी छाती नव्हती. मग ताटात ठेवायला लागलो."

"आणि मी चौतीस वर्षं ओरडले, अन्न टाकता म्हणून."

"खायचीस ना पण."

दुपारी दोन ताटं एकदम वाढली. त्यांच्या शेजारी बसून जेवले. यांनी ताट स्वच्छ केलं.

उरलेलं: निरंक.