तेलाचा शेवटचा हात

आबा, तुमची बंदूक मी ठाण्यात देऊन आले. पाऊस सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे आणि आता भात निसवून पिवळं पडायला लागलंय, म्हणजे सांगायला चांगलाच उशीर केला. सासऱ्याला पत्र लिहायची सवय कुठल्या सुनेला असते? तुम्ही होतात तेव्हा एका घरात राहूनही आपण दिवसाला चार वाक्यं बोलत असू, आणि त्यातली दोन बंदुकीबद्दल असायची. पण ती मी का दिली हे इथं कुणालाच नीट सांगता आलेलं नाही, म्हणून बसलेय लिहायला.

लग्न होऊन मी आंदर मावळात आले तेव्हा ती एकनळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीपासून लांब, दोन खुंट्यांवर आडवी असायची. रानडुकरांपासून भात राखायला सरकारनं तुम्हाला परवाना दिलेला, आणि हवेत बार काढण्यापलीकडं तुम्ही ती कधी वापरली नाहीत. मला तिची भीती वाटायची. तरी पहिल्याच वर्षी, घर लख्ख करायच्या नादात, मी तिचा लाकडी दस्ता शेंगतेलानं पुसून काढला. चमकला छान. पण थोड्याच दिवसांत चिकट झाला, वर धूळ बसली, खवट वास सुटला. तुम्ही बंदूक खांद्याला लावून बघितलीत, गालाला लागलेलं तेल बोटानं पुसलंत आणि मला हाक मारलीत. "कुणी केलं ह्ये?" मी केलं, म्हणाले. "खायाचं त्याल कंदी वाळतं व्हय? भजी तळायची हायती का बंदुकीची?" मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही लोणावळ्याला गेलात आणि रंगाच्या दुकानातून जवसाच्या तेलाची बाटली आणलीत. पिशवीतून आणखी एक छोटी बाटली निघाली, खोबरेल तेलाची. "ह्ये लाकडाला, ह्ये तुज्या डोस्क्याला. आदलाबदल करू नगं." त्या घरात नुसती माझ्यासाठी म्हणून आलेली ती पहिली वस्तू.

पुढं तुमचे हात थरथरायला लागले. तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत, मीही कधी विषय काढला नाही. तुमच्या लेकाला, म्हणजे यांना, कंपनीच्या पाळ्या, आणि सुट्टीच्या दिवशीही त्यांना असल्या कामाला धीर नाही, म्हणून तुम्ही मला शिकवायला घेतलंत. उन्हाळ्याची दुपार आहे. तुम्ही ओट्यावर बसलाय, दस्ता नळीपासून सुटा करून माझ्या मांडीवर दिलाय. "चार थेंब. जादा न्हाई. तळव्यानं चोळ, तळवा गरम व्हईस्तवर." मी चोळते. "आता पूस." आत्ताच तर लावलं, मी म्हणते. "लाकडाला प्यायचं त्येवढं प्यालं. वर ऱ्हायलं तर चिकाट व्हतं." मग सावलीत टांगायचा, पुरता वाळू द्यायचा आणि पुन्हा तेच. पावसाळ्यात तेल वाळत नाही म्हणून सगळं मिरगाच्या आधी उरकायचं. बंदूक भिजून आली तर आधी कोरड्या फडक्यानं पुसायची, ओली असताना गवसणीत घालायची नाही, चुलीपाशी तर धरायचीच नाही, लाकूड तडकतं. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप पेट घेतं, म्हणून ते कुंपणावर पसरायला लावायचात.

तुम्ही गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, कारण शेतातल्या माचाणावर राखणीला बसणारी मीच होते. परवाना देणाऱ्या साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "बाई, तुम्ही चालवणार?" मी व्हय म्हणाले. आणि चालवली, बरीच वर्षं. मागच्या निवडणुकीला गावातल्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या आणि आपली नेमकी पावसाळाभर तिथंच अडकली. परत आली तेव्हा ओळखू येईना. दस्त्यावर पांढरी बुरशी होती. नळी वर करून उभी ठेवलेली, त्यामुळं नळीचं तेल झिरपून मुठीपाशी लाकूड काळं आणि मऊ पडलेलं, नखानं दाबलं तर खूण उठायची. मला राग आला नाही, रडूही नाही. नुसता शीण आला, आबा. आता हे पहिल्यापासून करायचं, एवढंच मनात आलं.

केलं. उन्हाळाभर केलं. बुरशी पुसली, टर्पेंटाइननं जुना थर काढला, त्याच टर्पेंटाइनमध्ये खडूची पूड कालवून काळ्या जागेवर थापली, ती तेल ओढून पिवळट झाली की खरवडून पुन्हा थापली. मग पॉलिश पेपर हलका फिरवला, मग जवसाचं तेल. रात्री खांदा दुखून हात वर होत नसे. वैशाख सरता सरता लाकडाची रेघ न् रेघ वर आली, तुमच्या वेळेला होती तशी. मला वाटलं होतं, बरं वाटेल. पण मी दस्त्याकडं बघत बसले आणि समोर पुढचा पावसाळा दिसायला लागला, माचाण, ओली बंदूक, पुसणं, परत पुसणं. यांना म्हणाले, "ठाण्यात देऊन येते. कायमची."

"मग येवढी घासलीस कशापायी?"

"खराब दिली आसं नगं."

"आबास्नी काय वाटलं आसतं?"

"आबा येनार हायेत का माचाणावर बसाया?"

शब्द जरा जास्त गेला, पण मी तो मागं घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तेलाचा शेवटचा एक हात दिला.

ठाण्यातला हवालदार तरुण होता, बोलायला मऊ. नावाची चिठ्ठी बंदुकीला तारेनं बांधायला लागला. तारेनं चरा पडंल, मी म्हणाले, तर उठून सुतळी घेऊन आला. मग बाकीच्या बंदुकांच्या रांगेत त्यानं ती उभी केली, नळी वर. मी म्हणाले, "दादा, नळी खाली करून ठेवा, त्याल लाकडात उतरतं." तो हसला नाही. "मावशी, आज ठेवतो. पण माझी बदली होईल, दुसरा येईल, सगळं हलवलं जाईल. तुम्हाला खोटं कशाला सांगू?" माझ्यासमोर त्यानं ती उलटी केली. मी सही करून बाहेर आले.

शेजारच्यांनी शेताला विजेचा झटका देणारी तार लावलीय, त्यामुळं डुकरं आता आपल्याच शेतात वळतात. परवा खालचं खाचर पार लोळवून गेली. सकाळी हे बांधावर उभे होते, मी चहा घेऊन गेले. आडव्या झालेल्या भाताकडं बघत म्हणाले, "तुला आवाज बी आला न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले.

पत्र पोचणार असतं तर हे पुढचं लिहिलं नसतं. आबा, आवाज आला होता. मी जागी झाले, पडल्या पडल्या ऐकलं, कूस बदलली आणि झोपले. फार दिवसांनी गाढ झोप लागली.