दोन डझन खटक्याचे चाकू

सोमवार, ५ ऑक्टोबर १९७०
श्री.
आज आले: पोलादी पट्टी ४ किलो, रु. ११. पितळी तार अर्धा किलो, रु. ५.५०. शिसवाचे तुकडे, एक पोते, वखारीतून, रु. ३. बारीक कानस १, रु. २.२५. हमालाने ५० पै. मागितले, ४० दिले.
दसऱ्यानंतर दोन डझन चाकू द्यायचे आहेत. ह्यांनी पहिल्यांदाच खटका बसवला आहे. गिऱ्हाईक मला विचारते, म्हणून नीट लिहून ठेवते. आतापर्यंत आपला चाकू नुसत्या कमानीवर उघडा राही. भाजीला, सुतळीला ते पुरते. पण मोसंबीची कलमे करणारे पात्याच्या टोकाने साल उचलतात. जोर येतो पात्याच्या पाठीवर, आणि चाकू मिटतो तो बोटावरच. आता पात्याच्या टाचेला, म्हणजे मुठीतल्या टोकाला, खाच आहे आणि मुठीच्या पाठीवरल्या पट्टीला दात. पाते पुरते उघडले की दात खाचेत पडतो, टक्क. मग पट्टी मागून दाबल्याशिवाय मिटत नाही. दात आणि खाच यांच्यामध्ये कागदसुद्धा जाता कामा नये, असे ह्यांचे म्हणणे.
टाच घासण्याचे काम हुसेनचाचांचे. पिढीजात शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. साठी उलटली, नजर अधू झाली, तर कानाने पारख करतात. "डोळा फसतो भाभी, टक्क फसत नाही."

बुधवार, ७ ऑक्टो.
हवालदार आले. इथे केडगावात खटक्याचे चाकू होतात असे त्यांना कुणी सांगितले म्हणे. ह्यांनी एक उघडून दाखवला. "साहेब, हा आपोआप उघडत नाही. आपोआप मिटत नाही, एवढंच."
"मग उपयोग काय ह्याचा?"
चाचा सहाणेवरून मान वर न करता म्हणाले, "बोटं मोजायला. सकाळी दहा, संध्याकाळी पण दहा."
हवालदार हसले. चहा घेऊन गेले.
संध्याकाळी ह्यांनी चोवीसच्या चोवीस ठोकून पाहिले. पाते उघडून त्याची पाठ लाकडी ठोकळ्यावर तीनदा आपटायची. एकही मिटला नाही. हे जेवताना दोनदा आपण होऊन बोलले.

शुक्रवार, ९ ऑक्टो. खंडेनवमी
भट्टी बंद. ऐरण, हातोडे, कानशी धुऊन पाटावर मांडल्या. चोवीस चाकू पुढे, सगळे उघडे. मिटलेल्या हत्याराची पूजा ती कसली. तुपात कालवून हळदकुंकू लावले. ह्यांनी एवढ्या कष्टाने केलेली खाच, म्हणून बोट मुद्दाम तिथेच टेकवले, वर अक्षता.
अक्षतांना तांदूळ अख्खे हवेत. डब्यात दोन वाट्या निघाले, ते उद्याच्या पाहुण्यांना. कणी बरीच होती, ती घेतली. देव भावाचा भुकेला. तरी मनात जरा चुटपुट.
चाचा नेहमीसारखे आले, दारात उभे राहिले, प्रसाद घेतला.

रविवार, ११ ऑक्टो.
तिसगावचा सोपान सकाळीच दारात. मोसंबीची कलमे करतो, हाताखाली पाच माणसे. "वयनी, साडेनवाची एस. टी. गाठायची हाय, सा चाकू बांधा." मी फडक्याने सहाही पाती पुसली, मिटले, कागदात गुंडाळले. हे म्हणाले, जाण्याआधी एकदा ठोकून बघू. मीच म्हटले, देवाला दाखवलेली वस्तू लगेच ठोकळ्यावर आपटू नये, बुधवारीच तर बघितलेत. ह्यांनी ऐकले.
दुपारी बारा चाकू श्रीरामपूरला, कांतिशेठच्या दुकानी, पार्सलने. दारावरून पाच गेले. एक घरात, फळीवर.
वहीत नावानिशी मांडले.

बुधवार, ४ नोव्हेंबर
दिवाळी झाली. बरी झाली.
दुपारी सोपानचा भाऊ एकनाथ आला. धोतराच्या सोग्यात चाकू बांधलेला. बसला नाही.
"दादाचं बोट गेलं. साल उचलाया टोक घातलं अन् फट्दिशी मिटला. हाडापतुर."
उजव्या हाताचे, अंगठ्याशेजारचे. नगरच्या डॉक्टरांनी टाके घातले. बोट राहील, वाकेल का ते सांगता येत नाही म्हणाले. कलमाचा डोळा सालीत भरायचे काम सगळे त्याच बोटाचे.
"तुमी तर म्हनला हुता, खटका हाय, मिटायचा न्हाई."
ह्यांनी चाकू घेतला. खाचेत तांबडे होते. हे म्हणाले, रक्त. मी पाणी आणायला वळले. एकनाथ पाणीही न घेता गेला. चाकू राहिला.

गुरुवार, ५ नोव्हें.
उपास. पोथी वाचली, एक अध्याय दोनदा वाचून झाला तरी ध्यानात आले नाही.
ह्यांनी चाचांना विचारले, टाच जास्त घासली का? चाचांनी चाकू हातात घेतला, उघडला, कानाशी नेला. "हा आवाज माझा नाही."
"मग कुणाचा? टाच तुमच्याशिवाय कोण घासतं?"
"मिस्त्री, चाळीस वर्षं झाली."
"चाळीस वर्षांत डोळे गेले, चाचा."
चाचांनी आपले दगड फडक्यात बांधले. दाराशी मला म्हणाले, "भाभी, येतो." उद्या येतो, असे नाही म्हणाले.

शनिवार, ७ नोव्हें.
हे गावात गेल्यावर सोपानचा चाकू काढला. पात्यावरले रक्त वाळून काळे पडले आहे. खाचेतले तांबडे ते तांबडेच. गोधडीची सुई घालून खरवडले. कडक गोळा निघाला. ओल्या बोटाने चोळला तर कुंकू. आत कणी.
मग फळीवरचा घेतला. उघडला. टक, असा आवाज, आखूड. त्याच्याही खाचेत कणी, तुपाने धरून ठेवलेली; पूजेनंतर मिटताना दात उचलला तेव्हा आत उतरली असावी. दात वरच्यावर टेकतो, आत पडत नाही. हाताने पाहावे तर पाते घट्ट वाटते. पाठ ठोकळ्यावर आपटली, दुसऱ्यांदा मिटला.
सुई पुसून जागेवर ठेवली.

रविवार, ८ नोव्हें.
ह्यांना सांगितले नाही.

सोमवार, ९ नोव्हें.
ह्यांनी स्वतः टाच घासायला घेतली. जमत नाही. दोन पाती वाया.
मी म्हणते, उद्या सांगेन.

मंगळवार, १० नोव्हें.
जेवणे झाल्यावर फळीवरचा चाकू, सुई आणि बशीत तो गोळा, तिन्ही ह्यांच्यापुढे ठेवले. सांगितले. खाचेत बोट मी टेकवले, ठोकू नका मीच म्हटले.
ह्यांनी गोळा नखाने फोडून पाहिला. मग, "कणी का?"
"अख्खे तांदूळ पाहुण्यांना ठेवले होते."
"अख्खा तांदूळ ह्या खाचेत मावलाच नसता." एवढेच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.
मग म्हणाले, "चाचांना मी काय काय बोललो."
आणि थोड्या वेळाने, "बाकीचे बावीस?"
मी वही आणली.

बुधवार, ११ नोव्हें.
दोघे चाचांच्या घरी. हे बोलायला लागले तर चाचांनी हात वर केला. मी सांगितले, पहिल्यापासून. चाचांची बायको पडद्याआड होती, तिने चहा टाकला तो उतू गेल्याचा वास आला.
चाचा म्हणाले, "मी आठवडाभर रोज बोट फिरवून बघतो, हात गेला का काय माझा. बायकोला म्हटलं, आता भाजी चीर आणि मला दाखव, सरळ दिसते का."
मग म्हणाले, "आम्हीपण हत्याराला लोबान दाखवतो, भाभी. पण धूर खाचेत बसत नाही."
हे हसले. मला हसता आले नाही. चाचा उद्यापासून येणार. ह्यांनी त्यांचे पाय धरले, चाचांनी धरू दिले नाहीत.

गुरुवार, १२ नोव्हें.
उपास. कार्डे लिहिली: तिसगाव एक, दारावरची पाच, कांतिशेठना एक. 'चाकू उघडून काम करू नये, परत पाठवावा, साफ करून मिळेल.'
कारण काय लिहायचे? हे म्हणाले, "खाचेत केर असण्याचा संभव, असं लिही. पूजेचं लिहिलंस तर लोक हसतील." अक्षतांना केर कसे लिहू. आणि केर वाचून कुणी फुंकर मारून कामाला लागेल. तूप फुंकरीने निघत नाही. 'पूजेतील तांदळाची कणी खाचेत अडकली आहे' असे सरळ लिहिले. हसोत.

मंगळवार, १७ नोव्हें.
तिसगावला गेलो. सोपान ओसरीवर, हात गळ्यात बांधलेला. पट्टी सोडून दाखवली. बोट सरळ उभे, वाकत नाही. मी सगळे सांगितले. त्याची बायको जात्यापाशी होती, ती म्हणाली, "म्हंजी परसादच म्हनायचा हा."
सोपान म्हणाला, "गप गं." मला म्हणाला, "वयनी, फुडला चाकू देवाला दाखवा, पर मिटून दाखवा."
तो हसला. बायको नाही हसली.
हे म्हणाले, औषधपाण्याचे आम्ही देतो. सोपान म्हणाला, "द्या. पर मला त्यो चाकू बी द्या. डाव्या हातानं शिकाया घेतो. खटका बराय त्यो, बसला तर."
उरलेले पाच चाकू बायकोने आणून दिले. त्यातल्या एकाच्या मुठीला चिंधी. विचारले. टोळीतल्या म्हादूचाही अंगठा कापला. थोडाच, दोन टाके.
कधी?
"सोमवारी. तुमचं कारड यायच्या आदी."
सोमवार ९. मी गोळा काढला तो शनिवार ७.
येताना एस. टी. त ह्यांनी विचारले, गप्प का. सांगितले. नगर आल्यावर हे एवढेच म्हणाले, "उतर."

रविवार, २२ नोव्हें.
दारावरचे पाच आले. एका बाईने कार्ड वाचून चाकू तांदळाच्या डब्यातच ठेवला होता, म्हणाली, तिथे तो शांत राहील. चाचा पोट धरून हसले.
कांतिशेठकडून दहा आले. चाचांनी एकेक उघडून कानाशी नेला, आखूड वाजले ते बाजूला काढले. सुई घातली. त्यांनी काढलेल्या तेवढ्यांतच कणी निघाली. सगळे मिळून आजवर सात. ह्यांनी प्रत्येक ठोकळ्यावर तीनदा आपटला. मी समोर बसून होते. पुढल्या खंडेनवमीला पूजेनंतर ठोकायचे, ते मीच ठोकणार असे सांगितले आहे.
कांतिशेठ लिहितात, दोन चाकू विकले गेले. एक इस्पितळातल्या सिस्टरबाईंनी घेतला, तो त्या आणून देणार आहेत. दुसरा एका माणसाने रोखीने नेला. नाव माहीत नाही. कालव्याच्या बाजूचा असावा, मोसंबीवाला असावा, बाजारच्या दिवशी येतो.

मंगळवार, २४ नोव्हें.
म्हादूकडे गुळाची ढेप पाठवली. काय म्हणून पाठवली ते निरोपात सांगता आले नाही. पुढल्या खेपेस स्वतः जाऊन शनिवारचे सांगायचे आहे. ह्यांना म्हटले. हे म्हणाले, "तुझं तू ठरव."

गुरुवार, २६ नोव्हें.
उपास. सिस्टरबाईंचा चाकू पोचला. त्यात काही नव्हते, खाच स्वच्छ.
आता एकच. वहीत त्याच्यापुढे नाव नाही, नुसते 'श्री.पूर, रोख'. त्याच्या खाचेत कणी नसली तर नसेल. असली तर इतके आठवडे तो माणूस त्याने साल उचलतो आहे. देवापुढे बसले तर तो माणूस दिसतो, तोंड नाही, नुसता हात.
कांतिशेठना पत्र लिहिले. नक्कल ठेवते:

'श्री. कांतिशेठ यांस नमस्कार वि. वि. दहा व एक मिळून अकरा चाकू पावले, आभार. बारावा ज्याने नेला तो मनुष्य येत्या बाजारी आपल्या दुकानापुढून जाण्याचा संभव आहे. दुकानातील गड्यास पेठेच्या तोंडाशी उभे करावे, आमची विनंती आहे. आम्ही स्वतः आलो असतो, पण त्याला आपल्या दुकानातच ओळखतात. मनुष्य भेटल्यास चाकूविषयी काही बोलण्याआधी त्याचा उजवा हात पाहावा. जे दिसेल ते, बरे असो वाईट असो, आम्हांस उलट टपाली कळवावे.'