केवळाबाईची साक्ष

मुरुड, जिल्हा आता लातूर

प्रिय बाबा,
प्रभूच्या नावानं एस्तेरचा सलाम.

मी बरी आहे. पाण्याची काळजी करू नका. गावातले आड आटले, पण घरमालक हणमंतरावांच्या विहिरीला थोडं पाणी आहे. त्यांच्या पत्नी शिवकन्याबाई रोज सकाळी आधी माझी घागर भरतात. आईचा खोकला कसा आहे?

येशूची सुवार्ता सांगायला घरोघर जाते. लोक चहा देतात, ऐकून घेतात.

परवा विहिरीवर जरा गडबड झाली. शेजारच्या केवळाबाई न विचारता पाणी शेंदत होत्या. हणमंतरावांनी त्यांना ढकललं आणि त्यांचा हात मोडला. एरवी माणूस वाईट नाही. मी तिथंच उभी होते. आता प्रकरण लातूरच्या कोर्टात जाणार म्हणतात. बाकीचे सगळे सांगतात, आम्ही काही पाहिलं नाही.

काल केवळाबाई हात गळ्यात बांधून माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "बाई, येशूला तुमी कधी पाह्यलं न्हाई, तरी त्याची साक्ष देत फिरता. मला तर पडताना पाह्यलंय की."



आज शिवकन्याबाईंनी न मागता दोन घागरी भरून दिल्या. मी त्या घेतल्या.

रविवारी मंडळीला माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगा. कशासाठी, ते मात्र सांगू नका.

तुमची लेक,
एस्तेर