कसरीचा सोमवार

प्रिय मावशी,

तू गेल्यापासून तुला लिहायचं टाळत होते, रडू येईल म्हणून. आज रडू नाही, राग आलाय. तुझ्या कॉलेजातल्या त्या लाडक्या सहकाऱ्याचा पीएच.डी.चा प्रबंध तोंडी परीक्षेआधी विभागात ठेवलाय. काल वाचला. सगळी तुझी नोंदींची वही आहे गं! तुझं नाव आभारातसुद्धा नाही.

जुन्या पुस्तकांतली कागद खाणारी चंदेरी कसर तू परळीच्या घरी, चुलीवरच्या उबदार फळीवर बरण्यांत पाळलीस. आजी ओरडायची, "लोक कसर मारतेत अन् ही पोसायली! कावून गं?" बहुतेक किडे मोठे झाले की कात टाकायचं थांबतात, ही बिनपंखी कसर मरेपर्यंत टाकत राहते. आणि दोन कातींच्या मध्ये तिच्या पोटात अंड्यांची एक खेप तयार होते, हे तू मला भिंगातून दाखवलंस. किती खूश होतीस तेव्हा!

मग त्याला वही दिलीस कशाला? नारळपाणी घेऊन दवाखान्यात आला, "मॅडम, झेरॉक्स काढून आणतो" म्हणाला, आणि तू उशाखालून काढून दिलीस. इतकी कशी भोळी तू? परत आणलीच नाही त्याने.

पण चोरी करायलाही अक्कल लागते. वैजनाथाचा उपास म्हणून सोमवारी तू बरणी उघडायची नाहीस. "उपासाच्या दिवशी कुणाच्या पोटात डोकावू न्हाई, बाई," म्हणायचीस. त्या दिवशीची अंडी मंगळवारी मोजायचीस. म्हणून वहीत सोमवारपुढे नुसती रेघ आणि मंगळवारी दुप्पट आकडा. त्या गाढवाने रेघेचं शून्य केलं आणि त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं! कसर म्हणे दर सातव्या दिवशी अंडी घालायची थांबते, ही त्याने शोधलेली नैसर्गिक लय. मावशी, तुझी कसर सोमवार धरते! मी विभागात एकटीच मोठ्याने हसले.

तुझं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर माझ्याकडे आहे. वहीत उतरवण्याआधी आकडे तू त्याच्या चौकटींत टिपायचीस. दर सोमवारी तुझ्या अक्षरात 'उपास'. बाकीचे आकडे त्याच्या तक्त्यांशी तंतोतंत जुळतात.

परीक्षा येत्या सोमवारी आहे, सगळ्यांसमोर. मी कॅलेंडर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसेन आणि विचारेन, "सर, तुमची कसर कोणत्या देवाचा उपास करते?" मग कॅलेंडर परीक्षकांपुढे ठेवेन.

"जाऊ दे गं" म्हणू नकोस. नाही जाऊ देणार. तुझा उपास मी धरेन, हे वचन. पण तुझा नियम मोडणार आहे. या सोमवारी मला एकाच्या पोटात डोकावायचंय.

तुझीच भाची,
सुमी